मद्यार्काचे मापन आणि वजनी शतमान

द्रावणाची संहती वजनी शतमानाने सांगण्याची रीत आज प्राथमिक पाठांत येते. तिचे महत्त्व मात्र प्रयोगशाळेइतकेच करवसुलीच्या कचेरीतही सिद्ध झाले. अठराव्या शतकात मद्यावरील कर हे ब्रिटिश राजकोशाचे मोठे उत्पन्न होते. मद्याने भिजविलेली बंदुकीची दारू पेट घेते की नाही, ही जुनी परीक्षा ढोबळ होती. १७८७ मध्ये कायद्याने मान्य झालेला क्लार्कचा हायड्रोमीटरही वादातीत ठरला नाही. अखेर सरकारने हा प्रश्न रॉयल सोसायटीकडे नेला. चार्ल्स ब्लॅगडेन यांचा अहवाल १७९० मध्ये आणि जॉर्ज गिल्पिन यांची विस्तृत कोष्टके १७९४ मध्ये प्रसिद्ध झाली.

या प्रयोगांत मिश्रणे मापून नव्हे, तर तोलून केलेली होती. याचे कारण मूलगामी आहे. ५० मिलिलिटर मद्यार्क आणि ५० मिलिलिटर पाणी एकत्र केल्यास मिश्रण १०० न भरता सुमारे ९६ मिलिलिटर भरते. शिवाय तपमानानुसार आकारमान बदलते. वजनांची बेरीज मात्र बिघडत नाही.

तथापि गिल्पिन यांचे आकडे म्हणजे आजचे वजनी शतमान नव्हे. १०० भाग मद्यार्कात ५० भाग पाणी घातल्यास मद्यार्काचे शतमान ५० नव्हे, तर १०० भागिले १५० या हिशेबाने ६६.७ येते, कारण छेदस्थानी संपूर्ण द्रावणाचे वजन घ्यावे लागते. त्यातही त्यांचा प्रमाणभूत मद्यार्क ०.८२५ विशिष्ट गुरुत्वाचा, म्हणजे वजनाने सुमारे ८९ टक्केच शुद्ध होता. म्हणून वरील मिश्रणातील खरे शतमान ५९ च्या आसपास येते. निर्जल मद्यार्क लोविट्झ यांनी १७९६ मध्ये सिद्ध केला.

व्यवहार मात्र पिंपांच्या मापाने चाले. १८१६ च्या कायद्याने साइक्सचा हायड्रोमीटर स्वीकारला गेला. ५१ अंश फॅरनहाइटला समान आकारमानाच्या पाण्याच्या १२/१३ वजनाचे मद्य ते 'प्रूफ', अशी व्याख्या रूढ झाली. हे मद्य आकारमानाने ५७.१, पण वजनाने सुमारे ४९.३ टक्के असते. एकाच द्रवाचे हे दोन आकडे पाहता, शतमान कशाचे हे न सांगता दिलेली संख्या किती फसवी ठरते, हे उघड होते. ब्रिटनने १९८० मध्ये आकारमानाचे शतमान पत्करले. मुंबई इलाख्यात रुजलेली 'प्रूफ'ची परिभाषा महाराष्ट्राच्या उत्पादनशुल्क नियमांत पुढेही राहिली.

विशेष हे की, ट्रॅलेस यांनी १८११ मध्ये रचलेली आकारमानाची कोष्टकेही गिल्पिन यांच्या तोललेल्या मिश्रणांवरच आधारलेली होती. मापाचा व्यवहार अखेर तराजूच्या आधारानेच उभा राहिला.