असदगडाच्या छायेतील वाद

औरंगजेबाच्या अमदानीत १६९७ साली असदखानाने ज्याची तटबंदी उभारली, त्या असदगडाच्या छायेतील मोर्णाकाठच्या जुन्या शहरात जुन्या-नव्या बोलपटांचा वाद हा जणू मिरासी हक्कच होय. १९३२ साली ‘अयोध्येचा राजा’ने मराठी पडदा बोलता केला आणि १९३७ साली व्हेनिसमध्ये प्रभातचा ‘संत तुकाराम’ गौरविला गेला, हा पुरावा रुजू करून वृद्ध पक्ष सुपारी कातरू लागतो, तोच तरुण पक्ष २०१६ चा ‘सैराट’ पुढे करतो: “आबाजी, तुमचा तुकाराम मोठाच, पन आर्चीवानी बुलेट कोन चालवते?” पक्षपाताचा दोष पत्करूनही माझा कौल एके काळी रंगभूमीवर स्त्रीभूमिका करणाऱ्या आणि पुढे पडद्यावर तुकाराम साकारणाऱ्या विष्णुपंत पागनिसांकडेच, मात्र बुलेटवर आबाजींनाही उत्तर सुचत नाही.