आमची फियाट, मागचे शॉकअप आणि आईची पाठ

बेळगावातल्या आमच्या पिढीला फियाट म्हटलं की अकराशेच आठवते. सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाईल्स काढली. तिच्या कुर्ल्याच्या कारखान्यात ही गाडी व्हायची. १९६४ साली ११०० डी आली, पुढे तिचीच पद्मिनी झाली. नवीन गाडीला नंबर लावून वर्षानुवर्षं थांबावं लागे. आमच्या अण्णांनी जुनी घेतली, त्यामुळे थांबावं लागलं नाही; पाटे मात्र बसलेले मिळाले!

१९८२ च्या सुमारास आईला मणक्याचा त्रास सुरू झाला होता. तिला मंगेशीला जायचं होतं. गाडी मागून खाली बसलेली. दुकानदार म्हणाला, "साहेब, टॅक्सीवाले घालतात ते कडक शॉकअप घाला, गाडी उचलेल." मी नुकताच ऑफिसर झालेलो, घातले. लोंढ्यापर्यंत आई गप्प होती. अनमोड घाटात म्हणाली, "अरे, यापेक्षा बैलगाडी बरी." परतल्यावर आठवडाभर अंथरुणावर. पुन्हा गाडीत बसणार नाही म्हणाली.

मग एका म्हाताऱ्या मेस्त्रींनी मला समजावलं. गाडीचं वजन पेलतात ते पाटे. शॉकअपचं काम पाट्यांच्या उड्या आवरण्याचं. तो गरजेपेक्षा कडक असला की लहान खड्डाही थेट पाठीत बसतो, आणि बसलेली गाडी बसलेलीच राहते. मी जमाखर्चाचा माणूस, पण खर्च भलत्याच खात्यावर टाकला होता!

त्यांनी पाटे सोडवले. पानं एकमेकांवर सरकायला हवीत, आमची गंजून फळीसारखी झालेली. घासली, कमान पुन्हा दिली, ग्रीस लावलं, रबरी बुश बदलले. मग मूळ गाडीला होते तसे साधे तेलाचे शॉकअप, दोन्ही एकदम. त्याआधी गाडी चाकांवर उभी करून, मागे माणसं बसवून, वरच्या-खालच्या बोल्टांमधलं अंतर मोजलं. दांडा आत-बाहेर दोन्हीकडे सरकायला जागा उरली पाहिजे, नाहीतर खड्ड्यात खाडकन आपटतो. शेवटी टायरमधली जास्तीची हवा काढली.

हल्ली पुतण्या त्याच गाडीला गॅसचे शॉकअप घालूया म्हणतो. आतला गॅस दांड्याला सतत बाहेर ढकलतो. हलक्या गाडीची मागची बाजू त्यानं बऱ्याचदा ताठ होते. मी नको म्हटलंय.

पुढच्या वर्षी आईला कसंबसं तयार केलं. रस्ता तोच, घाट तोच. मोल्याला मागं वळून पाहिलं तर आई झोपलेली. फोंड्याला हलवून उठवावं लागलं.