मुरायला वेळ मिळालेली गाणी

१७ मे १९६६ रोजी मँचेस्टरच्या फ्री ट्रेड हॉलमध्ये बॉब डिलन इलेक्ट्रिक गिटार घेऊन उभा होता आणि प्रेक्षागृहातून कुणीतरी ‘जुडास’ असं ओरडलं. येशूला पकडून देणाऱ्या शिष्याचं हे नाव. त्या एका आरोळीवर रॉकच्या इतिहासकारांनी अख्खी समजूत उभी केली आहे: कलावंत पुढे निघून जातो, श्रोता मागे राहून बोंब मारतो आणि वीस वर्षांनी खजील होऊन परत येतो. एखाद्या इंडी रॉक बँडने जुनी वाट सोडून धाडसी अल्बम काढला की तीच कथा नव्या नावांनी सांगितली जाते. ऐकायला ती बरी वाटते, कारण तिच्यात कलावंत हुतात्मा होतो आणि आज कौतुक करणारे आपण शहाणे ठरतो. पण मूळ प्रसंगच तिला फारसा आधार देत नाही. डिलनचं ‘लाइक अ रोलिंग स्टोन’ १९६५ सालीच अमेरिकेच्या यादीत दुसऱ्या क्रमांकावर पोचलं होतं. मँचेस्टरच्या श्रोत्यांना इलेक्ट्रिक डिलन रेकॉर्डवर ऐकून वर्ष उलटून गेलं होतं, त्यामुळे तो सूर त्यांना मुळीच अनोळखी नव्हता. लोकगीतांच्या चळवळीतला आपला माणूस पलीकडच्या गोटात गेला, याचा तो राग होता. पक्ष बदलणाऱ्याला आपल्याकडेही लोक गद्दार म्हणतात, बेसूर म्हणत नाहीत.

नव्या सुराला श्रोते खरोखर कसे सामोरे जातात हे पाहायचं असेल तर २००० ते २००२ हा काळ जास्त उपयोगाचा आहे. त्या दोन वर्षांत श्रोत्यांच्या हाती असं काही आलं जे आधीच्या पिढ्यांकडे नव्हतं आणि, माझ्या मते, नंतरच्या पिढ्यांकडेही तसं उरलं नाही. निकाल द्यायची वेळ येण्याआधी भरपूर ऐकायची सवड त्यांना मिळाली. ज्यांना ही सवड मिळाली त्यांनी अवघड संगीत फारशी खळखळ न करता स्वीकारलं. नाकं मुरडली ती बहुतेक करून ठरलेल्या तारखेला मत देणं भाग असलेल्यांनी, म्हणजे साप्ताहिकांच्या समीक्षकांनी आणि कंपन्यांच्या अधिकाऱ्यांनी.

इथे ‘इंडी’ या शब्दाचा इतिहास थोडा सांगायला हवा. आज तो एखाद्या नादाचं नाव असल्यासारखा वापरतात. सुरुवातीला तो माल पोचवण्याच्या वाटेचं नाव होता. जानेवारी १९७७ मध्ये बझकॉक्स या मँचेस्टरच्या बँडने उसन्या पैशांवर ‘स्पायरल स्क्रॅच’ ही चार गाण्यांची रेकॉर्ड स्वतःच काढली. लंडनच्या रफ ट्रेड या दुकानाने १९७८ मध्ये स्वतःची कंपनी सुरू केली. १९८० च्या जानेवारीत ब्रिटनमध्ये इंडी रेकॉर्डची वेगळी यादी छापायला लागली तेव्हा तिची कसोटी एवढीच होती, की रेकॉर्ड मोठ्या कंपन्यांच्या वितरणाबाहेरून दुकानात आलेली असावी. गिटार कशी वाजते याच्याशी त्या यादीला देणंघेणं नव्हतं. पुढे शब्द वृत्तीला चिकटला आणि रेडिओहेड, विल्को यांच्यासारखे मोठ्या कंपन्यांशी करार केलेले बँडही श्रोते त्याच घराण्यात धरू लागले. शब्दाचा मूळ अर्थ मात्र विसरू नये, कारण श्रोत्यांच्या प्रतिक्रियांचा इतिहासही बऱ्याच अंशी गाणं त्यांच्यापर्यंत कोणत्या वाटेने आणि किती आधी पोचलं याचाच इतिहास आहे.

रेडिओहेडच्या ‘ओके कम्प्युटर’ने १९९७ मध्ये त्यांना गिटार रॉकच्या शिखरावर बसवलं होतं. पुढचा अल्बम ‘किड ए’ आला तेव्हा त्यातून गिटार जवळपास गायब होती. पहिल्याच गाण्यात सिंथेसायझर आणि गायक थॉम यॉर्कच्या आवाजाचे कापून उलटसुलट जोडलेले तुकडे होते. गिटारवादक जॉनी ग्रीनवुड ओंद मार्तनो हे १९२८ सालचं फ्रेंच विद्युतवाद्य वाजवत होता. ‘इडियोटेक’ या गाण्याचा पाया म्हणजे पॉल लान्स्की या अमेरिकी संगीतकाराने सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला संगणकावर केलेल्या रचनेचा एक तुकडा. बँडने अल्बममधलं एकही गाणं सुटं विकायला काढलं नाही, नेहमीसारखे व्हिडिओही केले नाहीत, फक्त काही सेकंदांच्या चित्रफिती सोडल्या. रूढ समजुतीप्रमाणे इथे श्रोत्यांना पहिल्याच घासाला खडा लागायला हवा होता. प्रत्यक्षात २ ऑक्टोबर २००० ला ब्रिटनमध्ये आणि दुसऱ्या दिवशी अमेरिकेत विक्रीला आलेला हा अल्बम दोन्ही देशांत थेट पहिल्या क्रमांकावर गेला. अमेरिकेत पहिल्या आठवड्यात त्याच्या दोन लाखांवर प्रती खपल्या.

याचं कारण आदल्या उन्हाळ्यात सापडतं. भूमध्य सागराच्या काठाने केलेल्या दौऱ्यात बँडने नवी गाणी वाजवली. लोकांनी ती ध्वनिमुद्रित करून नॅपस्टरवर टाकली. जेमतेम वर्षभरापूर्वी सुरू झालेली ही सेवा गाण्यांची देवाणघेवाण फुकट करू देत होती आणि म्हणून कंपन्यांच्या डोळ्यांत सलत होती. बार्सिलोनात वाजवलेली गाणी तीनएक आठवड्यांनी इस्राएलमधल्या श्रोत्यांना शब्दांसकट पाठ होती, असं बासवादक कॉलिन ग्रीनवुडने नंतर सांगितलं. पुढे तयार अल्बमही विक्रीच्या काही आठवडे आधी नॅपस्टरवर आला. म्हणजे ऑक्टोबरात दुकानासमोर उभा असलेला चाहता पहिल्यांदा ऐकायला आलेलाच नव्हता. त्याच्या कानात ती गाणी उन्हाळाभर मुरली होती. समीक्षकांचं नेमकं उलट झालं. अल्बमच्या प्रती त्यांना आगाऊ दिल्या नव्हत्या. बोलावून, बसवून, ठरावीक वेळात तो ऐकवला गेला. एवढ्या शितावरून त्यांनी भाताची परीक्षा केली. ‘मेलडी मेकर’ या जुन्या ब्रिटिश साप्ताहिकाने अल्बमला पाचपैकी दीड गुण दिले. सगळेच समीक्षक असे नव्हते, हेही सांगायला हवं. पिचफोर्क या संगीतविषयक संकेतस्थळाने दहापैकी दहा दिले आणि ते परीक्षण त्याच्या अतिरेकी भाषेसाठी आजही चेष्टेचा विषय आहे.

सवड मिळाली की श्रोते अवघड संगीत स्वीकारतात, या माझ्या मताविरुद्धचा सर्वांत भारी आक्षेप त्याच वेळी निक हॉर्नबी या ब्रिटिश कादंबरीकाराने ‘न्यूयॉर्कर’मध्ये घेतला होता. हॉर्नबी म्हणजे रेकॉर्डवेड्यांवर कादंबरी लिहिलेला माणूस, त्यामुळे त्याला अडाणी म्हणून झटकता येत नाही. असा अल्बम समजायला रात्रीमागून रात्री त्याच्यापुढे बसावं लागतं, अशा आशयाचं त्याने लिहिलं. ते सोळा वर्षांच्या पोराला जमतं, नोकरी करणाऱ्याला, घर चालवणाऱ्याला जमत नाही. या आक्षेपात तथ्य आहे. अवघड कलेला वेळ लागतो आणि वेळ सगळ्यांकडे सारखा नसतो. पण हॉर्नबीचं म्हणणं मान्य केलं तर ते माझ्याच बाजूला येऊन बसतं. श्रोत्याची अभिरुची कोती आहे असं तो कुठेच म्हणत नाही, श्रोत्याकडे सवड नाही असं म्हणतो. त्याचा हिशेब चुकला तो दुसऱ्या जागी. रात्रभर एकाग्र होऊन बसणं ही सवड वापरायची एकच रीत आहे असं त्याने धरलं. नॅपस्टरवरचं गाणं लोक काम करताना, अभ्यास करताना, गप्पा मारताना पुन्हापुन्हा लावत होते आणि कान तयार होत होता. घरात आजी रोज रेडिओवर राग ऐकते आणि नातवाला न शिकवता यमन ओळखता येतो, त्यातलाच हा प्रकार.

विल्कोचं प्रकरण याहून बोलकं आहे. शिकागोचा हा बँड अल्ट-कंट्री म्हणून ओळखल्या जाणाऱ्या, ग्रामीण अमेरिकी गाण्याला रॉकची जोड देणाऱ्या पंथातून आलेला. २००१ मध्ये त्यांनी ‘यँकी होटेल फॉक्सट्रॉट’ पुरा केला. शॉर्टवेव्ह रेडिओवर हेरांसाठी आकडे आणि अक्षरं वाचणाऱ्या अनाम केंद्रांची ध्वनिमुद्रणं त्यात वापरली होती. अल्बमचं नावही तिथूनच आलं. गाणी साधी होती, पण त्यांच्यावर खरखर, घंटा, तुटणारे ठेके यांचे थर चढवले होते आणि जिम ओ’रूर्कने मिश्रण करताना त्यांना उघडंनागडं केलं होतं. त्यांच्या रिप्रीज कंपनीला हे पटलं नाही. तिच्या मालक कंपनीचं नुकतंच एओएल या इंटरनेट कंपनीशी विलीनीकरण होऊन एओएल टाइम वॉर्नर ही कंपनी झाली होती आणि खर्चाला कात्री लागत होती. कंपनीने अल्बम काढायला नकार दिला आणि बँड हक्कांसकट बाहेर पडला. अल्बम विक्रीला यायची ठरलेली तारीख होती ११ सप्टेंबर २००१.

१८ सप्टेंबरला, म्हणजे अमेरिकेवरच्या ११ सप्टेंबरच्या दहशतवादी हल्ल्यानंतर आठवड्याने, विल्कोने सगळा अल्बम आपल्या संकेतस्थळावर फुकट ऐकायला ठेवला. मुखपृष्ठावर शिकागोतले मरीना सिटीचे जुळे मनोरे होते. एका गाण्याचं नाव ‘ॲशेस ऑफ अमेरिकन फ्लॅग्स’, दुसऱ्याचं ‘वॉर ऑन वॉर’. गाणी हल्ल्याच्या कितीतरी आधी लिहिलेली, पण श्रोत्यांनी त्यांत आपला तो महिना ऐकला. इतिहासकाराने इथे थांबून पाहिलं पाहिजे. ज्या खरखरीमुळे कंपनीला अल्बम विकण्याजोगा वाटला नाही, तीच खरखर शोकाकुल लोकांना ओळखीची वाटली. शैली धाडसी आहे की नाही हा प्रश्नच त्या शरद ऋतूत बाजूला पडला. बँड दौऱ्यावर निघाला तेव्हा न निघालेल्या अल्बमची गाणी प्रेक्षक सोबत म्हणत होते. शेवटी नॉनसच कंपनीने तो विकत घेऊन २३ एप्रिल २००२ ला काढला. नॉनसचही त्याच एओएल टाइम वॉर्नरच्या घरातली, म्हणजे एकाच मालकाने एका अल्बमचे पैसे दोनदा मोजले. सात महिने फुकट ऐकता येत असूनही पहिल्या आठवड्यात त्याच्या पंचावन्न हजारांहून अधिक प्रती खपल्या आणि तो अमेरिकेच्या यादीत तेराव्या क्रमांकावर आला. विल्कोच्या आधीच्या कोणत्याही अल्बमला ही उंची लाभली नव्हती.

यावर कुणी म्हणेल, हे सगळे कट्टर चाहते; त्यांनी काहीही घेतलं असतं, मागच्या अल्बमच्या पुण्याईवर पुढचा खपतो. आक्षेप गंभीर आहे, म्हणून उलटं उदाहरण तपासू. टॉक टॉक या ब्रिटिश बँडच्या गाठीलाही पुण्याई होती, १९८६ चा त्यांचा अल्बम चांगला चालला होता. १९८८ मध्ये त्यांनी ‘स्पिरिट ऑफ ईडन’ काढला: लांबलचक, शांततेने भरलेला, अर्धा जॅझ आणि अर्धा प्रार्थनेसारखा. बँडचा गायक मार्क हॉलिसने दौरा करायला नकार दिला, रेडिओवर वाजेल असं त्यात फारसं नव्हतं. श्रोत्याने तो ऐकायचा कुठे? पैसे टाकून, न ऐकताच विकत घ्यायचा, एवढीच वाट होती. तो एकोणिसाव्या क्रमांकापर्यंत पोचून उतरला आणि मालाला बाजार नाही अशा धर्तीच्या तक्रारीवरून त्यांच्या ईएमआय कंपनीने बँडला कोर्टात खेचलं. पुढे एकाने दुसऱ्याला कॅसेट भरून देत त्याची कीर्ती हळूहळू वाढली. चाहते होते, पुण्याई होती, वाट नव्हती. नुसत्या निष्ठेने काम भागत असतं तर हा अल्बमही पहिल्या आठवड्यातच खपला असता.

मग आजचं काय, हा प्रश्न उरतो. वाट तर आज प्रत्येकाच्या खिशात आहे. तरी ११ मे २०१८ ला आर्क्टिक मंकीजचा ‘ट्रँक्विलिटी बेस होटेल अँड कसिनो’ आला तेव्हा चाहत्यांत उभी फूट पडली. डॉमिनो या खऱ्या अर्थाने इंडी कंपनीने काढलेला हा अल्बम चंद्रावरच्या एका काल्पनिक हॉटेलाभोवती फिरतो आणि बँडचा गायक ॲलेक्स टर्नरने त्यातली गाणी पियानोवर रचली. २०१३ च्या ‘एएम’मधल्या दणकट गिटारींवर पोसलेल्या श्रोत्यांना तो लाउंजमधल्या गायकासारखा वाटला. माझ्या मते फरक पडला तो सवडीत. बँडने एकही गाणं आधी सोडलं नव्हतं. मैफलींत चारदोन नवी गाणी वाजली तीही जेमतेम नऊ दिवस आधी. ऐकणं आणि मत नोंदवणं एकाच दिवशी, बरेचदा एकाच तासात उरकलं. २००० साली फक्त समीक्षकावर असलेली तारखेची सक्ती २०१८ मध्ये प्रत्येक श्रोत्याने आपणहून ओढवून घेतली होती. खप बघितला तर अल्बम ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर गेला आणि त्या आधीच्या पंचवीस वर्षांत पहिल्या आठवड्यात इतका व्हायनिल दुसऱ्या कुठल्याही अल्बमचा खपला नव्हता. व्हायनिल घेणारा माणूस घरी बसून बाजू उलटत ऐकतो, हे विसरून चालणार नाही.

२००९ साली दशकातल्या सर्वोत्तम अल्बमांच्या याद्या निघाल्या. ‘रोलिंग स्टोन’ हे नियतकालिक आणि पिचफोर्क या दोघांनीही ‘किड ए’ पहिल्या क्रमांकावर ठेवला. दीड गुण देणारं ‘मेलडी मेकर’ तोवर उरलं नव्हतं; १९२६ पासून निघणारं ते साप्ताहिक डिसेंबर २००० मध्ये, ‘किड ए’ दुकानात आल्यानंतर जेमतेम तीन महिन्यांत, ‘एनएमई’ या दुसऱ्या ब्रिटिश संगीत साप्ताहिकात विलीन झालं.