पांढरी चादर

दादासाहेब फाळक्यांचे नाव निघाले की आमची आई विचारते, "आधी त्यांच्या बायकोचं नाव सांग!" या प्रश्नामागे लातूरची एक दुपार आहे.

२०१६ चा उन्हाळा. मी नांदेडला कॉलेजात होतो. आम्हा चौघा मित्रांनी दहा मिनिटांचा चित्रपट काढायचा घाट घातला. विषय माझ्या गावच्या पाण्याचा. त्याच १२ एप्रिलला मिरजेहून पाण्याची पहिली आगगाडी लातूरला आली होती. दहा वाघिणी, पाच लाख लिटर पाणी! कॅमेरा उसना, खिसे रिकामे, आणि बाईचे काम करायला कोणी मिळेना. शेवटी आत्या तयार झाली.

फाळक्यांपुढे तर याहून मोठे संकट होते. १९१२ साली त्यांनी लंडनहून कॅमेरा आणला. पण भांडवल देणाऱ्याची खात्री कशी पटवायची? त्यांनी कुंडीत वाटाणा पेरला, रोज ठरल्या वेळी त्याचे चित्र टिपले, आणि महिन्याभराची वाढ पडद्यावर मिनिटभरात दाखवली. पैसा उभा राहिला, तर तारामती सापडेना. नायकिणींनीसुद्धा नकार दिला! अखेर उपाहारगृहात काम करणारे अण्णा साळुंके लुगडे नेसले, आणि ३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कॉरोनेशनमध्ये 'राजा हरिश्चंद्र' लागला.

या साऱ्यात सरस्वतीबाई कुठे होत्या? त्यांनी अंगावरचे दागिने काढून दिले. सगळ्या मंडळींचा स्वयंपाक केला. रात्री अंधाऱ्या खोलीत फिल्मच्या कडेला भोके पाडली. आणि दिवसा, नटांच्या तोंडावर उजेड पडावा म्हणून, भर उन्हात पांढरी चादर धरून उभ्या राहिल्या.

हे मी पुढे वाचले. त्या दुपारी मला एवढेच दिसत होते की आत्याचा चेहरा काळा येतो आहे. आईने न बोलता पलंगावरची चादर ओढली आणि ती धरून उभी राहिली. चौथ्या खेपेला शॉट जमत आला, तोच गल्लीत टँकरचा भोंगा वाजला. आत्या घागर घेऊन धावली, चादर टाकून आई धावली, आमचा आवाज टिपणारा गडीही बादली घेऊन धावला! मी एकटाच कॅमेऱ्यापाशी ओरडत राहिलो.

दोन घागरी आत ठेवून आई आली, चादर झटकली नि म्हणाली, "ओरडून झालं असंल तर सांग. सावली सरकली. आता कुठं थांबू?"

आत्याचे लुगडे भिजले होते, आधीच्या शॉटशी जुळेना. ते वाळायला त्या उन्हात पंधरा मिनिटेही लागली नाहीत.