चाप बसवणे

मराठीत 'चाप बसवणे' म्हणजे आवर घालणे. खर्चाला चाप बसवतात, वाह्यात पोराला चाप बसवतात. अमेरिकेच्या बंदूकबाजारात मात्र नवा चाप बसवतात तो बहुधा आवर सैल करण्यासाठी. कारखान्याने दिलेला चाप जड असतो, खरखरतो, लांबवर ओढावा लागतो. तो काढून दुसऱ्याच कुणी बनवलेला हलका चाप त्या जागी घालायचा, हा तिथला मोठा व्यापार आहे.

मी शस्त्रतज्ज्ञ नाही आणि इतिहासाची पदवीही माझ्याकडे नाही. जुनी माहितीपत्रके, पेटंटांचे आराखडे आणि निकालपत्रे वाचत वाचत मी या विषयात शिरलो. या वाचनात एक प्रश्न सतत डोके वर काढत राहिला. बनवणाऱ्याने ठेवलेला आवर वापरणाऱ्याने कमी केला, तर पुढची जबाबदारी कुणाची? पिस्तुलाच्या काडतुसावर चालणाऱ्या कार्बाइनच्या इतिहासात हा प्रश्न सर्वांत उघडपणे दिसतो.

कार्बाइन म्हणजे आखूड नळीची, खांद्याला लावून झाडायची बंदूक. आपल्याकडे पोलिसांच्या खांद्याला दिसणारी 9 मिमीची 1ए1 कार्बाइन याच जातीची. ती मूळच्या इंग्रजी स्टर्लिंगची भारतीय आवृत्ती. तिच्यात रायफलीचे लांब काडतूस जात नाही, पिस्तुलाचे बुटके काडतूस जाते. धक्का कमी बसतो आणि कंबरेच्या व खांद्याच्या शस्त्राला एकच दारूगोळा पुरतो.

ही सोय प्रथम सर्वदूर पोहोचवली विंचेस्टर कंपनीच्या 1873 च्या नमुन्याने. तिचे .44-40 हे काडतूस मुळात या बंदुकीसाठीच बनले. 1878 पासून कोल्ट कंपनी त्याच काडतुसाचे रिव्हॉल्व्हर विकू लागली आणि पश्चिमेकडच्या गुराख्याला एकाच पट्ट्यातली काडतुसे दोन्हीकडे वापरता येऊ लागली. या नमुन्याच्या सात लाखांहून अधिक बंदुका बनल्या.

चापाच्या दृष्टीने ही बंदूक दुहेरी स्वभावाची आहे. खालची लिव्हर पूर्ण मिटेपर्यंत चाप हलू न देणारी एक अटक तिच्यात होती. म्हणजे बनवणाऱ्याला घाईत सुटणाऱ्या गोळीची काळजी होती. दुसरीकडे, 1875 च्या माहितीपत्रकात कंपनीने एक खास प्रत जाहीर केली. चाचणीत ज्या नळ्यांचा नेम सर्वांत अचूक ठरेल, त्या निवडून 'हजारांत एक' या नावाने 100 डॉलरला विकायच्या. त्यांना उंची झिलई असे आणि नाजूक 'सेट' चाप असे. हा चाप आधी पुढे ढकलून तयार करायचा. मग बोटाचा किंचित स्पर्शही त्याला पुरे. अशा फार थोड्या बंदुका निघाल्या. हलका चाप तेव्हा चैनीची वस्तू होता, तो कारखान्याच्या हातानेच बसे आणि त्याच्यामागे कारखान्याचे नाव उभे असे.

चाप हलका होतो म्हणजे काय होते, हे इथे सांगायला हवे. बंदुकीतला घोडा ताठ स्प्रिंगने पुढे झेपावायला पाहत असतो आणि एका बारीक खाचेत अडकून थांबलेला असतो. चाप ओढला की खाच सुटते. खाच जितकी खोल आणि स्प्रिंग जितकी कडक, तितका चाप जड. खाच उथळ केली की चाप लोण्यासारखा चालतो, पण बंदूक हातातून पडली किंवा आपटली तर खाच आपणहून सुटण्याची भीतीही वाढते. हलकेपणा आणि निर्धास्तपणा हे एकाच तराजूचे दोन पल्ले आहेत. मोजमाप शतांश मिलिमीटरचे असते, म्हणून हे काम पिढ्यान्‌पिढ्या अनुभवी बंदूककारागिराकडे राहिले.

दुसऱ्या महायुद्धानंतर चित्र पालटले. सैन्याच्या वापरातून निघालेल्या माउझरसारख्या रायफली अमेरिकेत स्वस्तात मिळू लागल्या. त्यांचे चाप थंडीत, चिखलात, घाबरलेल्या शिपायाच्या बोटासाठी घडवलेले, म्हणून मुद्दाम जड आणि लांब. शिकाऱ्याला ते नकोसे वाटत. 1946 मध्ये ॲलन टिम्नी यांनी अशा रायफलींसाठी तयार चाप विकायला सुरुवात केली. कारागिराची कानस मागे पडू लागली आणि चाप खोक्यातून घरी येऊ लागला.

कायद्याने या व्यापाराला वाट मोकळी ठेवली होती. अमेरिकेच्या 1968 च्या कायद्यानुसार बंदूक म्हणजे प्रामुख्याने तिचा सांगाडा. अनुक्रमांक त्यावर, नोंद त्याची. चाप हा निव्वळ सुटा भाग, तो टपालाने मागवता येतो. आपल्या 1959 च्या शस्त्र कायद्यात 'शस्त्र' या शब्दाच्या व्याख्येत शस्त्रांचे भागही येतात. सांगाडा म्हणजे बंदूक की प्रत्येक तुकडा म्हणजे बंदूक, एवढ्या एका फरकावर दोन देशांतले बाजार निरनिराळे झाले.

पिस्तुली कार्बाइन नव्या रूपात परतली ती विसाव्या शतकाच्या अखेरीस. 1985 मध्ये मार्लिन कंपनीची 'कँप कार्बाइन' आली, पुढच्या दशकात रूगरची. या बंदुकांच्या नळ्या सोळा इंचांहून किंचित जास्त असतात. रायफलीची नळी सोळा इंचांहून आखूड असली तर तिथे वेगळी नोंदणी करावी लागते. लांबी ठरवली ती कायद्याने. 2016 च्या सुमारास व्यावहारिक नेमबाजीच्या अमेरिकी संघटनेने या कार्बाइनसाठी स्पर्धेत स्वतंत्र विभाग केला. तिथे मिळालेल्या गुणांना लागलेल्या वेळेने भागतात. सेकंदाच्या अंशाला किंमत आली आणि हलक्या, लवकर पुन्हा सज्ज होणाऱ्या चापाची मागणी वाढली. 2017 च्या अखेरीस आलेल्या रूगरच्या नव्या कार्बाइनमध्ये कंपनीने 1964 पासून चालत आलेल्या स्वतःच्या .22 रायफलीच्या चापाचे भाग वापरले. त्या रायफलीसाठी पर्यायी सुट्या भागांची बाजारपेठ आधीच भरलेली होती. ती नव्या बंदुकीला आयती मिळाली.

इथे यंत्राने एक धडा शिकवला. बहुतेक पिस्तुली कार्बाइनमध्ये गोळी सुटताना मागचा बोल्ट अडकवलेला नसतो. केवळ त्याचे वजन आणि स्प्रिंग त्याला रोखून धरतात. हा जड बोल्ट जोरात मागे येऊन घोड्याला दणका देतो. मोठ्या रायफलीसाठी बनवलेला नाजूक चाप अशा कार्बाइनमध्ये घातला, की घोड्याची खीळ तुटण्याच्या तक्रारी येत. हलक्या स्प्रिंगमुळे काही काडतुसे पेटतच नसत. मग उत्पादकांनी 9 मिमीसाठी मजबूत केलेले वेगळे चाप काढले. खोक्यावर 'बसतो' असे लिहिलेले असणे वेगळे आणि त्या जागी निभणे वेगळे.

यंत्राचा धडा यंत्रापाशी संपला, कायद्याचा संपला नाही. 1934 च्या अमेरिकी कायद्यात मशिनगनची व्याख्या चापावरच टांगलेली आहे. चापाच्या एकाच क्रियेने, हाताने पुन्हा न भरता, एकाहून अधिक गोळ्या आपोआप सुटल्या तर ती मशिनगन. त्या काळी चाप म्हणजे काय, याबद्दल कुणाला शंका नव्हती. 1 ऑक्टोबर 2017 रोजी लास व्हेगासमध्ये एका माणसाने धक्क्याच्या जोरावर बोटाला चाप वारंवार लागेल असे दस्ते रायफलींना लावून गोळीबार केला. साठ जणांचा बळी गेला. सरकारने त्या दस्त्यांवर बंदी घातली. 14 जून 2024 रोजी सर्वोच्च न्यायालयाने सहा विरुद्ध तीन मतांनी ती बंदी उठवली. चाप दर वेळी नव्याने सुटतो, म्हणून ही मशिनगन नव्हे, असा बहुमताचा तर्क. त्या निकालपत्रात चापाच्या आतल्या भागांची चित्रे छापली आहेत. साठ माणसांच्या मरणाचा हिशोब एका खाचेच्या आराखड्यापाशी येऊन थांबावा, हे वाचताना मी पुस्तक मिटून ठेवले होते.

पुढे चापाला आपणहून पुढे ढकलून सज्ज करणाऱ्या पर्यायी चापांचा वाद आला. मे 2025 मध्ये सरकारने त्याच्या उत्पादकाशी तडजोड केली. पिस्तुलासाठी असे चाप बनवणार नाही, अशी हमी त्यात घेतली गेली. पिस्तूल आणि रायफल ही दोनच खाती मांडणाऱ्या अशा हमीसमोर, काडतूस पिस्तुलाचे आणि बांधणी रायफलीची असलेली आपली कार्बाइन किती अवघड जागी उभी आहे, ते लक्षात येते.

हलका चाप म्हणजे पाप नव्हे. कोल्हापूरच्या राही सरनोबत यांनी 2018 च्या आशियाई स्पर्धेत 25 मीटर पिस्तुलात सुवर्णपदक जिंकले. त्या खेळात चापाने किमान 1000 ग्रॅमचे वजन न सुटता पेलले पाहिजे, आणि हे तपासायला पंच खरोखरच चापाला वजन टांगून पाहतात. मर्यादा आकड्यात सांगितलेली आहे, मोजणारा ठरलेला आहे आणि नियम खेळाडूला आधीच ठाऊक आहे.

1873 मध्ये कारखाना मोजत होता, मग कारागीर मोजू लागला. आता खोके उघडणारा माणूस एकटाच उरला आहे, आणि चुकले तर मोजणी न्यायालयात होते. तोवर चाप ओढून झालेला असतो.