नाव नसलेलं दुखणं

मागच्या महिन्यात आमच्या बचत गटातल्या एका ताईंनी बँकेत सांगितलं, "हप्ता भरलाय." साहेबांनी मानसुद्धा वर केली नाही. मग त्यांचे दीर आले, तेच बोलले, आणि लगेच खातं तपासलं गेलं. परत येताना आम्ही जीपमध्ये हेच बोलत होतो. शब्द तेच, मग बाईचा खरा का वाटला नाही?

मिरांडा फ्रिकर या ब्रिटिश प्राध्यापक बाईंनी याच प्रश्नाचा अभ्यास केला. त्या ऑक्सफर्डला शिकल्या, लंडन आणि शेफील्डला तत्त्वज्ञान शिकवलं, पुढे न्यू यॉर्कला गेल्या. २००७ साली त्यांचं पुस्तक आलं. बोलणारी बाई आहे, गरीब आहे किंवा काळी आहे, एवढ्यावरून तिचा शब्द हलका धरला तर तो तिच्यावर अन्याय आहे, असं त्यांनी मांडलं. तिला काही कळतं, हेच त्यात नाकारलं जातं ना!

दुसरा अन्याय आम्हाला जास्त जवळचा वाटला. सोसणं असतं, पण सांगायला शब्द नसतो. त्यासाठी फ्रिकरबाईंनी अमेरिकेतली एक खरी हकिगत घेतली. कार्मिटा वुड या कॉर्नेल विद्यापीठात आठ वर्षं कामाला होत्या. तिथला एक मोठा प्राध्यापक अंगलट करायचा. त्यांची मान आणि पाठ धरली. बदली मागितली, मिळाली नाही, तेव्हा नोकरी सोडली. बेकारभत्त्याच्या अर्जात कारण विचारलं होतं. काय लिहिणार? लाजेनं त्यांनी 'खासगी कारण' लिहिलं. भत्ता नाकारला गेला.

मग त्या काही बायकांकडे गेल्या. बोलता बोलता कळलं, असं प्रत्येकीसोबत कधी ना कधी घडलेलं आहे, आणि कुणीच ते बोललेलं नाही. १९७५ साली त्या एका खोलीत बसल्या आणि नाव शोधू लागल्या. धमकावणं म्हणावं, की जबरदस्ती? अखेर ठरलं ते इंग्रजी नाव आज आपण 'लैंगिक छळ' म्हणून ओळखतो.

आपल्याकडे १९९७ साली सर्वोच्च न्यायालयाने विशाखा खटल्यात कामाच्या जागेसाठी नियम घातले, २०१३ साली कायदा झाला. दहापेक्षा कमी माणसं असतील तिथल्या बाईला, घरकामाला जाणाऱ्या बाईलाही, जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे तक्रार करता येते.

आमच्या भागात बायका अजून 'तो माणूस बरा नाही' एवढंच म्हणतात आणि दुसऱ्या दिवसापासून कामाला जात नाहीत. का सोडलं म्हणून विचारलं, तर सांगतात, घरची अडचण.