वाळवंट झाडणारे गाडगेबाबा



दिंडीच्या शंभर वर्षांच्या या पुस्तकात वीणेकरी, टाळकरी, मृदंगवाले, चोपदार यांची नावं येतील. यायलाच पाहिजे. पण मुक्कामाचा तळ कोणी झाडला, पाणी कोणी भरलं, पंगत उठल्यावर पत्रावळ्या कोणी उचलल्या, हे कोणत्याच वहीत लिहिलेलं नसते. म्हून मी मंडळींना म्हटलं, मी खराटेवाल्याचा इतिहास लिहितो. आणि तो आपल्या विदर्भात सांगायचा म्हटलं तर पहिलं नाव श्री संत गाडगेबाबांचंच घ्यावं लागते.

बाबांचं मूळ नाव डेबूजी झिंगराजी जानोरकर. जन्म 23 फेब्रुवारी 1876, गाव शेंडगाव, जिल्हा अमरावती. जात परीट. बाप दारूपायी लवकर गेला. माय सखुबाई पोराला घेऊन मूर्तिजापूर तालुक्यात दापुऱ्याला आपल्या बापाच्या घरी आली. तिथं डेबूजीनं गुरं राखली, नांगर धरला, वावर राखलं. शाळा नाही पाहिली. पुढं मामाच्या कर्जापायी सावकारानं वावरावर हात घातला. अंगठा कशावर दिला हेच घरच्यांना वाचता येत नव्हतं. डेबूजी ताबा घ्यायला आलेल्यांच्या आडवा उभा राहिला. आपण शेतकरी माणसं, वावर जाण्याचं दुःख आपल्याला समजावून सांगायला नको. बाबा पुढं जन्मभर कीर्तनात सांगत राहिले की कर्ज काढू नका, सण करायला काढू नका, लग्नाला काढू नका, आणि भांडं विकावं लागलं तरी चालेल पण पोरगं शाळेत घाला. ते दापुऱ्याच्या वावरातून आलेलं बोलणं होतं.

त्या काळात घरी बारसं असलं की जातगंगेला दारू आणि बोकडाचं जेवण द्या लागे. डेबूजीनं आपल्या पोरीच्या बारशाला गोड जेवण ठेवलं. भाऊबंद नाराज झाले. पण तो मागं हटला नाही. मला वाटते, घर सोडून संत होणं एक वेळ सोपं, पण घरात राहून आपल्याच भाऊबंदांसमोर रीत मोडणं लय कठीण. 1 फेब्रुवारी 1905 ला त्यांनी घर सोडलं. अंगावर चिंध्या, एका कानात कवडी, दुसऱ्या कानात फुटक्या बांगडीचा तुकडा, हातात काठी आणि फुटकं गाडगं. त्याच गाडग्यात जेवायचं आणि तेच डोक्यावर घालायचं. लोक गाडगेबाबा म्हणू लागले ते त्याच्यावरून.

पूर्णा नदीवर ऋणमोचन म्हणून गाव आहे. पौषातल्या रविवारी तिथं यात्रा भरते. तिथं आंघोळ केली की ऋणातून सुटते असा लोकांचा भाव. पण नदीत उतरायची वाट चिखलाची, म्हातारी माणसं घसरून पडत. डेबूजीनं घर सोडायच्या आधीपासून तिथं कुदळ-फावडं घेऊन वाट करायचं काम चालवलं होतं. पुढं तिथं पक्का घाट झाला. पहा, ऋण फेडायचं तर डुबकी मारून नाही, माती उचलून, असं काही ते बोलले नाहीत. माती उचलत राहिले, लोकं आपोआप हाताला लागली. गावात आले की आधी रस्ता झाडायचे. कोणी भाकर दिली तर घेण्याआधी काम मागायचे. दिवसा गाव झाडायचं आणि रात्री त्याच गावात कीर्तन.

मी कीर्तन करतो म्हून सांगतो, त्यांच्या कीर्तनाची तऱ्हाच न्यारी. पूर्वरंग, उत्तररंग असं काही नाही. लोकांनाच प्रश्न विचारायचे, लोकांच्याच तोंडून उत्तर काढायचे, मधेच गोपालाचा गजर. बोली आपली वऱ्हाडी. ते बोकड कापणाऱ्याला तोंडावर बोलायचे, दारू पिणाऱ्यालाही. आणि कीर्तन संपलं की लोक पाया पडायच्या आधी निघून जायचे. चेला केला नाही, गादी ठेवली नाही. कोकणात खारेपाटणला कीर्तन चालू असताना एकुलता एक पोरगा गोविंद गेल्याची खबर आली, तरी कीर्तन थांबलं नाही. ही गोष्ट आपल्या भागात बायामाणसंही सांगतात.

आता पंढरपूरचं. हे आपल्या दिंडीच्या इतिहासात लिहिलंच पाहिजे, कितीही कडू लागलं तरी. आपली दिंडी सुरू झाली त्या काळात विठ्ठलाच्या राऊळाचं दार सगळ्यांना उघडं नव्हतं. चोखोबाची समाधी महाद्वारासमोर, आणि चोखोबाच्या लोकांना त्याच्या आत जायची मनाई. अभंग त्यांचे सगळेच म्हणत. धर्मशाळेतही त्यांना जागा मिळत नव्हती. वारी करून आलेली ही माणसं आषाढाच्या पावसात उघड्यावर झोपत. त्या काळी यात्रेत पटकी यायची, घाणीत झोपणारा आधी मरायचा. बाबा यात्रेच्या दिवसांत पंढरपुरात असायचे, चंद्रभागेचं वाळवंट आणि रस्ते झाडायचे, रात्री वाळवंटात कीर्तन करायचे, आणि राऊळात दर्शनाला म्हणून जात नसत. त्यांनी या माणसांसाठी चोखामेळा धर्मशाळा बांधली. लोकांकडून मागून आणलेल्या पैशातून. पुढं ती त्यांनी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीला देऊन टाकली. पंढरपूर, नाशिक, आळंदी, देहू, मुंबई, अशा ठिकाणी त्यांच्या हातून धर्मशाळा उभ्या झाल्या. एकाही इमारतीवर आपल्या बायको-पोरींचा हक्क ठेवला नाही. राऊळाचं दार उघडलं ते मे 1947 मधे, साने गुरुजी दहा दिवस उपाशी राहिले तवा.

पारशिवनीपासून अमरावती काही जवळ नाही, पण आपल्याकडच्या लोकांना बाबा परके नव्हते. शेजारच्या रामटेकच्या रानात तुकडोजी महाराज राहिलेले, आणि महाराज आणि बाबा दोघंही एकाच कामातले. खंजेरी आणि खराटा. आपल्या दिंडीत पहाटे वीणा हलायच्या आधी तळ झाडणारे जे कोणी झाले, त्यांना कोणी पगार दिला नाही, हार घातला नाही. ते बाबांचेच. निघताना मागं वळून पाहायचं आणि जागा होती त्याच्यापेक्षा साफ ठेवायची, ही रीत त्यांनीच आपल्यात टिकवली. आता फिरती संडासं येतात, पाण्याचे टँकर येतात, चांगलंच आहे. पण तरण्या पोट्ट्यांना वाटते की हे सरकारचं काम. टँकरच्या नळाखाली चिखल झाला तर त्यावर चार टोपले मुरूम टाकायला सरकार येत नाही, बापू.

20 डिसेंबर 1956 ला अमरावतीला जाताना वलगावजवळ पेढी नदीच्या पुलावर बाबांनी देह ठेवला. चौदाच दिवस आधी बाबासाहेब गेले होते. समाधी अमरावतीला गाडगेनगरात आहे. 2000 सालापासून सरकारनं ग्रामस्वच्छता अभियानाला त्यांचं नाव दिलं, तवा गावोगावी मोठमोठी माणसं झाडू घेऊन फोटोत उभी राहिली. काही गावं मात्र खरंच सुधारली, तेही सांगितलं पाहिजे.

यंदा आषाढीला पंढरपूरला गेले की दर्शनाच्या रांगेत लागण्याआधी चोखोबाच्या समाधीपाशी थांबा. मग बाबांच्या धर्मशाळेत जाऊन या. सोबतच्या पोट्ट्यांना दाखवा, ती कोणासाठी बांधली आणि का बांधावी लागली ते सांगा. आणि सेवेकरी झाडत असले तर एखादा खराटा मागून घ्या.